शाबुओथला झेंडूचं तोरण चालेल का?

पत्र:

ताई, शालोम. माझं माहेर नागपूरचं, वडील रेल्वेत होते, आजूबाजूला आपलं बेने इस्राएल ज्यू लोकांचं एकही घर नव्हतं, त्यामुळे सण म्हणजे आई घरात करायची तेवढंच माहीत. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला सहा वर्षं झाली. यंदा आमच्या सिनेगॉगमधल्या (प्रार्थनाघरातल्या) बायकांनी शाबुओथच्या (कापणीच्या सणाच्या) सजावटीचं काम माझ्या गळ्यात घातलंय, हातात तीन हजार रुपये. मी म्हटलं आंब्याच्या पानांचं तोरण, झेंडूच्या माळा, झालं की. नमुना करून ग्रुपवर फोटो टाकला तर इस्राएलमधल्या अश्दोदहून नणंद म्हणाली, हे काय, सत्यनारायण आहे का? तिकडे म्हणे गव्हाच्या ओंब्या आणि पांढरी फुलं लावतात. मावससासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं कुणी काही लावलं नाही, आत्ताच काय ही थेरं. नवरा म्हणतो प्लास्टिकची फुलं आण आणि वाद मिटव. मला तर आता फुलंच नकोशी झालीत. काय करू?
– र., ठाणे

र., अगं सगळ्यात आधी एक कर, नवऱ्याचं ऐकू नकोस. प्लास्टिकच्या फुलांनी वाद मिटत नाही, फक्त धूळ वाढते, आणि मग पुढच्या वर्षी वापरू म्हणून ते पोतं कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतं आणि ते माळे कुणाचे असतात ते तुला सहा वर्षांत कळलंच असेल.

आता मुद्द्याचं. तू नमुना केलास तो चुकीचा नाहीये आणि नणंद बोलली तेही सगळं चुकीचं नाहीये, फक्त दोघींची गाडी वेगवेगळ्या फलाटावर उभी आहे. शाबुओथला फुलंपानं लावा असं तोरात (आपल्या धर्मग्रंथात) कुठेही सांगितलेलं नाही. सुक्कोथला कसं, मांडव घाला, लुलाव (खजुराची झावळी) घ्या, स्पष्ट आज्ञा आहे. शाबुओथला असं काहीच सामान नाही, कापणीचा सण आणि पहिल्या फळांचा दिवस एवढंच, आणि मग त्याच दिवशी सिनाय डोंगरावर तोरा मिळाली ही आठवण. त्यामुळे दुधाचे पदार्थ काय, रात्रभर जागून वाचणं काय, हिरवळ काय, हे सगळं लोकांनी आपल्या हौसेने आणि प्रेमाने जोडलेलं आहे. म्हणजे 'नियमाप्रमाणे सजावट' असं काही नसतंच, जो तो आपल्या दारापुढे उगवतं ते लावत आलाय.

हिरवळीची कारणं मात्र गोड आहेत, ती तुला माहीत असू देत, उद्या कुणी विचारलं तर तोंडात मूग नकोत. एक, सिनायवर तोरा द्यायच्या वेळी आज्ञा झाली की डोंगरासमोर गुरंमेंढरं चरू देऊ नका. आता उघड्या खडकावर चरणार काय? म्हणजे तिथे गवत होतं. म्हणून मग लोक म्हणतात की वाळवंटातला तो डोंगर त्या दिवशी हिरवागार होऊन फुलला होता. दुसरं, मिश्नात (आपल्या जुन्या नियमग्रंथात) लिहिलंय की या दिवशी झाडांच्या फळांचा निवाडा होतो, यंदा किती पिकणार ते ठरतं, म्हणून झाडांची आठवण ठेवायची. सोळाव्या शतकात पोलंडमध्ये क्राकूवला मोठे रब्बी होते मोशे इस्सर्लेस, त्यांनी लिहूनच ठेवलंय की शाबुओथला सिनेगॉगमध्ये आणि घरात गवत पसरायची पद्धत आहे, तोरा मिळाल्याच्या आनंदाची आठवण म्हणून. गवत! आणि इथे आपण झेंडूवरून भांडतोय. तसं मे महिन्यात ठाण्यात हिरवं गवत मिळालं तर मलाही कळव.

आणि मला सगळ्यात आवडतं ते पहिल्या फळांचं. मंदिर होतं त्या काळात गावोगावचे लोक पहिली फळं टोपलीत घालून यरुशलेमला वाजतगाजत निघायचे, आणि मिश्नात वर्णन आहे की पुढे बैल चालायचा, त्याच्या शिंगांना सोनं मढवलेलं आणि डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते पाच मिनिटं, कारण माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईचना, अलिबागजवळच्या आमच्या आजोळचा पोळा, बेगड लावलेली शिंगं आणि गळ्यात झेंडू. श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या टोपल्या आणायचे आणि गरीब सोललेल्या काड्यांच्या साध्या टोपल्या, हेही त्यात आहे, तुझ्या तीन हजारांच्या बजेटला तेवढाच धीर.

आता नणंदेचं. तिचा प्रश्न नवा नाहीये गं, अडीचशे वर्षांचा तरी जुना आहे. युरोपात शाबुओथला सिनेगॉगमध्ये चक्क झाडं, फांद्या आणून उभ्या करायचे. अठराव्या शतकात विल्नाचे गाओन, म्हणजे आपल्या लोकांतले केवढे मोठे विद्वान, त्यांनी ते बंद करायला सांगितलं, कारण काय तर ख्रिस्ती लोक त्यांच्या सणाला झाडं लावतात, ते त्यांच्यासारखं दिसतं. म्हणजे नणंदबाई जे ग्रुपवर म्हणाल्या तेच. मग झालं काय? काही ठिकाणी लोकांनी ऐकलं, झाडं गेली. पण बऱ्याच ठिकाणी लोक म्हणाले की ही हिरवळ आमची आहे, शेजारीही लावतो म्हणून ती त्याची होत नाही. दोन्ही बाजूंना भले लोक होते. तेव्हा तू वाईट नाहीस आणि नणंदही खडूस नाही, निदान या बाबतीत तरी.

माझं स्वतःचं मत विचारशील तर मी रेघ अशी ओढते. जी वस्तू बघितल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या मनात एकदम अमुक एक पूजा उभी राहते, ती नको. केळीचे खुंट चार कोपऱ्यांना बांधलेस की सत्यनारायण झालाच, तिथे नणंदेला पूर्ण मार्क. दूर्वांची जुडी, लाल जास्वंद, बेलाची पानं, ही नकोत, सुंदर आहेत पण त्यांचा पत्ता ठरलेला आहे. याउलट दारावरचं पानाफुलांचं तोरण हे आनंद असलेल्या घराचं लक्षण आहे, ते दुकानाच्या उद्घाटनाला लागतं, बारशाला लागतं, आणि आपल्या लोकांच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळावर फुलांचा शेरा बांधतात तेव्हा कोण म्हणतं की हे आपलं नाही? आमच्या घरी मलिदाच्या (आभाराच्या प्रार्थनेच्या) ताटात गुलाब आणि सब्जाची काडी असतेच, वास घ्यायचा, बेराखा (आशीर्वचन) म्हणायची. फुलाला आपण कधी परकं मानलंच नाही. आणि झेंडूचं म्हणशील तर तो मुळात मेक्सिकोकडचा, पोर्तुगिजांच्या काळात इथे आला, म्हणजे कोकणात आपण त्याच्या कितीतरी आधीपासून आहोत, तो पाहुणा आणि आपण घरचे.

तरीही मी तुला झेंडू सिनेगॉगच्या आत लावू नको असंच सांगीन, पण त्याचं कारण धर्म नाही, डाग. एका वर्षी मी मोठ्या उत्साहाने ओल्या झेंडूच्या माळा हेखालच्या (तोरा ठेवायच्या कपाटाच्या) पडद्याला टाचल्या होत्या, पांढरं मखमल, त्यावर कुणाच्या तरी आजीच्या आठवणीसाठी केलेलं जरीकाम. सण संपल्यावर माळा काढल्या तर खाली पिवळे-नारिंगी ओघळ, थेट हळद सांडल्यासारखे. ड्रायक्लीनिंगवाल्याने हात जोडले. त्या कुटुंबाने मला एक शब्द ऐकवला नाही, आणि म्हणूनच मला ते अजून टोचतं. तर झेंडू बाहेर, गेटवर, कठड्यावर, तिथे हवा तेवढा. आत पडद्याला काहीही टाचायचं नाही, सेफेरांच्या (तोराच्या गुंडाळ्यांच्या) आसपास ओलं काहीही नाही, आणि दिव्यांच्या जवळ सुकी पानं, ओंब्या अजिबात नाहीत. हंड्यांतले तेलाचे दिवे आणि वाळलेला गहू एकत्र आले तर पुढचं पत्र तू मला फायर ब्रिगेडमधून लिहिशील.

तारखेचा घोळ नीट समजून घे कारण खरी परीक्षा तिथेच आहे. २०२६ मध्ये शाबुओथ २१ मे, गुरुवारी संध्याकाळी लागतो. अश्दोदला एकच दिवस, शुक्रवार. आपल्याकडे इस्राएलबाहेर दोन दिवस, शुक्रवार आणि लगेच दुसरा दिवस शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस). म्हणजे गुरुवारी सूर्यास्ताआधी जे लावशील ते शनिवारी रात्रीपर्यंत टिकलं पाहिजे, मधे सणाच्या दिवसांत काम मना, म्हणून फुलं तोडायची नाहीत, माळा ओवायच्या नाहीत, बादलीत ताजं पाणी भरून नवा गुच्छ लावायचा नाही. कुंड्यासुद्धा गुरुवारीच जागेवर ठेवून टाक, नंतर सरकवासरकवी नको. बारीकसारीक शंका असेल, म्हणजे फुलदाणीत पाणी कमी झालं तर काय वगैरे, तर हझानसाहेबांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधीच विचार, ते काय म्हणतात तेच तुमच्या सिनेगॉगमध्ये धर, माझं नको. नणंद सांगते ती एका दिवसाची सजावट आहे, हे तिलाही प्रेमाने सांग. दोन दिवस, ठाणे, मे महिना, पंखे. तिला म्हणावं ये आणि टिकवून दाखव तुझी पांढरी फुलं.

पांढऱ्या फुलांचं मात्र तिने योग्य सांगितलं, फक्त आपल्याकडे त्याचं नाव मोगरा. मे म्हणजे मोगऱ्याचा महिना, आणि शाबुओथसाठी याच्याइतकं नेमकं फूल जगात दुसरं नसेल असं मला वाटतं, कसं ते सांगते. गुरुवारी पहाटे दादरच्या फूल मार्केटला जा, पहिली लोकल पकड, नाहीतर जांभळी नाक्याला सांगून ठेव, पण कळ्या घे, घट्ट मिटलेल्या, हिरवट देठाच्या, उमललेला मोगरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. तीन-चार वाजता काढून ओवायला बसा, सगळ्याजणी, दोरा थोडा ओला करून. सातच्या सुमाराला अंधार पडायला लागतो, सण लागतो, लोक येतात, आणि कळ्या अजून मिटलेल्याच. मग तिक्कून (रात्रभराचं वाचन) सुरू होतं, कुणीतरी रूथचं पुस्तक वाचत असतं, चहा फिरतो, दहा-अकरा वाजता हळूच वास यायला लागतो. मोगरा रात्रीच उमलतो ना. माणसं जागी असतात तेव्हाच तो जागा होतो. आमच्याकडे एकदा एक झोपाळू काका त्या वासाने जागे होऊन म्हणाले होते, कोण आलं?

शुक्रवार दुपारपर्यंत त्याच कळ्या तपकिरी होतील. होऊ देत. त्या बदलायच्या नाहीत, आणि बदलता येणारही नाहीत. म्हणूनच सजावटीचा पाया फुलांवर नाही, पानांवर ठेवायचा, पैसेसुद्धा निम्म्याहून जास्त हिरव्यावर घाल. अशोकाची लांब पानं सहज तीन दिवस काढतात. फूलवाल्याकडे 'कामिनी' माग, बारीक गडद पानांच्या फांद्या मिळतात, बुके करणारे वापरतात त्या, बादलीत पाणी घालून तेबाच्या (तोरा वाचायच्या मंचाच्या) कठड्याला लावल्यास तर शनिवारीही ताठ असतील. अरेका पामच्या कुंड्या विकत घेऊ नकोस, चार घरांतून दोन-दोन उसन्या आण, कुंडीखाली ताटली विसरू नकोस, आणि प्रत्येक कुंडीला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी लाव. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, कुंड्यांच्या अदलाबदलीवरून दोन बहिणी वर्षभर बोलत नव्हत्या हे मी पाहिलंय.

आंब्याचं तोरण कर, जरूर कर. पानं तासभर पाण्यात बुडवून ठेव, मग पुसून घे, कोवळी तांबूस पानं नको, ती संध्याकाळपर्यंत मान टाकतात, जून हिरवी घे. स्टेपलर वापरू नकोस, पान दोरीवर दुमडून नारळाच्या झाडूच्या हिराचा तुकडा आरपार टोचायचा, आपल्या आज्या करायच्या तसं, स्टेपलच्या पिना गंजून पान तिथेच काळं पडतं. आणि दारावर लावताना एक बघ, उजव्या हाताला मेझुझा (चौकटीवरची पवित्र डबी) आहे तो तोरणाने झाकला जाता कामा नये. येणाऱ्याचा हात आपसूक तिकडे जातो, बोटं ओठांना लागतात, त्या बोटांच्या वाटेत पान यायला नको. तोरण थोडं वर घे नाहीतर त्या बाजूने आखूड ठेव, वाकडं दिसलं तरी चालेल.

मावससासूबाईंचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. 'इतकी वर्षं कुणी काही लावलं नाही' हे वाक्य तू टोमणा म्हणून ऐकलंस, मला ते जरा वेगळं ऐकू आलं. तुम्ही मुली सिनेगॉग म्हणता, त्यांच्या पिढीची माणसं अजून 'मशिदीत जाऊन येते' म्हणतात, मुंबईत मांडवीला १७९६ सालचं आपलं पहिलं सिनेगॉग आहे त्याला जुनी मशीदच म्हणायचे. त्यांनी भरलेले बाक बघितलेत. मग १९४८ नंतर एकेक घर उठून इस्राएलला गेलं, लोद, रामले, दिमोना, अश्दोद, आणि जे गेले त्यांतच माळा ओवणारे हात होते, स्टुलावर चढणारी तरुण पोरं होती. उरलेल्यांनी प्रार्थना चालू ठेवली, दिवे चालू ठेवले, फुलं राहून गेली. तर त्यांना जाऊन विचार, अगदी सहज, की मावशी, तुमच्या लहानपणी काय लावायचे? उत्तर 'काहीच नाही' आलं तरी हरकत नाही, तास दीड तास गप्पा होतील. आणि नुसतं विचारून येऊ नकोस, त्यांना काम दे.

काम कुठलं ते सांगते. तेबाजवळ एका टेबलावर सात पिकांचं ताट मांडायचं: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. तोरात देशाच्या वर्णनात ही सात नावं आहेत, आणि बघ, ऑलिव्ह सोडलं तर सगळी आपल्या महाराष्ट्राच्या बाजारातली, नाशिकची द्राक्षं, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचं अंजीर. मे अखेर द्राक्षं धड मिळणार नाहीत तर मनुका ठेवा, अंजीर सुकं चालेल. ऑलिव्हची बाटली सुपरमार्केटात मिळते पण मावशींना म्हणावं त्याशेजारी एका वाटीत आपलं घाण्याचं तेलही ठेवा, कारण कोकणात आपल्याला लोक शनवार तेली म्हणायचे, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आणि हे ताटाजवळ उभं राहून पोरांना सांगायला त्यांच्याइतकं योग्य कोण आहे. ते ताट त्यांचं, तू त्यात बोट घालायचं नाही. त्यांनी डाळिंब मधोमध ठेवलं आणि तुला कडेला हवं होतं, तरी गप्प.

आणि गहू नणंदेचा. तिला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, फोन कर, वेळ बघून, तिकडे आपल्याहून अडीच तास मागे असतं उन्हाळ्यात. म्हण की ताई तुमचं ओंब्यांचं मला पटलं, तिकडे किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या गावांत) पेंढ्यांच्या गठ्ठ्यांवर पोरं बसवतात, डोक्यावर फुलांचे मुकुट घालतात, ते कसं करतात जरा दाखवा. आपल्याकडे गहू केव्हाच कापून झालेला असतो, पण वाळलेल्या ओंब्यांच्या जुड्या सजावटीच्या दुकानात मिळतात, चारपाच पुरे, ताटामागे एका मातीच्या मडक्यात उभ्या कर, दिव्यापासून लांब. लहान मुलींसाठी मोगऱ्याचेच छोटे मुकुट ओवा, डोक्यावर ठेवायला, उरलेल्या कळ्यांत भागतं. फोटो सण लागायच्या आधी, गुरुवारी सहा वाजता काढून नणंदेला पाठव, नंतर फोन बंद.

दुधाचं कोण करतंय हे तू लिहिलं नाहीस. एरवी आपलं सगळं गोड मटणासोबत चालावं म्हणून (मांस आणि दूध आपण एकत्र खात नाही) नारळाच्या दुधात, वर्षातून हा एक सण असा की बासुंदी निर्धास्त करता येते. नवऱ्याला दे ते काम, आटवत बसू दे दूध, प्लास्टिकच्या फुलांची शिक्षा.

शनिवारी रात्री हबदाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) झाली की लगेच आवरायला घ्या, रविवारवर टाकू नका, मे महिन्यात पाण्यातले देठ वास मारतात. पानंफुलं कुणाच्या गच्चीवर खताला, ओंब्या नीट कागदात गुंडाळून पुढच्या वर्षाला, कुंड्या चिठ्ठ्या बघून घरोघर. आणि टाचण्या लावताना मोजून लाव, काढताना मोजून काढ, आम्ही एका वर्षी बेचाळीस लावल्या होत्या आणि एकेचाळीस निघाल्या, ती बेचाळिसावी कुणाच्या पायाला लागली ते तुझ्या मावससासूबाईंना विचार, त्या बहुतेक हसतील.